एकतीस मापं आणि एक कडेकोट फोन

आपल्या दुकानातून आजवर एकही कंबर बाहेर गेलेली नाही, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. कापड बाहेर जातं, कोट बाहेर जातो, कोटात बसून गिऱ्हाईकही बाहेर जातं. आकडा मात्र दुकानातच राहतो. इतर शिंपी 'छत्तीस, लिही' म्हणून ओरडतात आणि चार दुकानं पलीकडचा माणूसही मान वळवून बघतो. मास्तरांचं तसं नव्हतं. ते टेप लावत, आकडा ओठांतल्या ओठांत पुटपुटत आणि स्वतःच टिपून घेत. गावातल्या एका न्यायाधीशांचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे, ही गोष्ट तीस वर्षांत फक्त तिघांना कळली होती: न्यायाधीशांना, मास्तरांना आणि त्या खांद्यात भरलेल्या कापसाला.

पूर्वी ही सगळी मापं वह्यांमध्ये असत. वह्यांना वाळवी लागली, तेव्हा मास्तरांच्या मुलीने सासरी जाण्याआधी एक महिना खपून सगळं फोनमध्ये चढवून दिलं. तेव्हापासून गावातल्या चारशे माणसांची छाती, कंबर, बाही आणि पाठीचा बाक असा सगळा ऐवज मास्तरांच्या खिशात फिरत होता, आणि त्याबद्दल त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

मग एका बुधवारी सकाळी वकीलबाई आल्या.

बाईंनी सोमवारी नव्या काळ्या कोटाचं माप दिलं होतं. बसायला स्टूल पुढे केलं तरी त्या बसल्या नाहीत. पर्समधून फोन काढून त्यांनी तो मास्तरांच्या नाकासमोर धरला. फोनवर पोट आत घेणारे पट्टे होते. एक नाही, दोन नाही, सतरा. काळे, पिवळसर, जाळीचे, बिनजाळीचे. काल संध्याकाळपासून आपल्याला दुसरं काही दिसतच नाही, असं बाई म्हणाल्या. बातमी वाचायला जावं तर मध्ये पट्टा, हवामान बघावं तर खाली पट्टा.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "सोमवारी माझी कंबर दोन इंचांनी वाढलेली निघाली. हे दोघांनाच माहीत होतं. मी कोणाला सांगितलेलं नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या. कोर्टात साक्षीदाराला घाम फुटेपर्यंत त्या अशाच थांबत असणार. मास्तरांना घाम फुटला. आपण मेलो तरी बोललो नाही, हे त्यांना सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच की कोट शुक्रवारी ट्रायलला तयार होईल. "बघू," असं म्हणून बाई गेल्या. तो 'बघू' मास्तरांच्या काळजात सुईसारखा मोडून बसला.

मास्तरीणबाई खिडकीशी बसून काज करत होत्या. दुकानातली काज-बटणं आणि मास्तरांचा संसार अशी दोन खाती त्यांच्याकडे होती. त्यांनी मान वर न करता सांगितलं की असल्या जाहिराती सगळ्यांनाच येतात. त्यांना स्वतःला महिनाभर ट्रॅक्टर दाखवत होते, आणि त्यांनी काही कोणाला ट्रॅक्टरचं माप दिलं नव्हतं. पण मास्तर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. चोर दुकानात नाही, खिशात आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी फोन खिशातून काढला, हातरुमालात गुंडाळला आणि रस्ता ओलांडून मोबाइलवाल्याकडे गेले.

मोबाइलवाल्याचं दुकान कपाटाएवढं होतं आणि कपाटात कोट टांगावा तसा तो त्यात राहत असे. डोळ्याला भिंग लावलेला, सरळ माणूस. मास्तरांनी विचारलं, फोन कोणाला काही सांगणार नाही असं काही करता येतं का. तो म्हणाला, येतं, फोनच्या आतली मूळ यंत्रणाच बदलता येते, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कंपनीची काढायची आणि दुसरी बसवायची. तशा बऱ्याच आहेत. पण मास्तर, तुम्हाला त्याची गरज नाही.

शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलं नाही. एवढं एकच वाक्य ऐकलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

मास्तर कामाला पक्के. कापड न बघता कोट शिवायचा नाही आणि सिस्टीम न बघता फोन शिवायचा नाही, असं ठरवून त्यांनी अकरा दुपारी मोबाइलवाल्याच्या फळीवर काढल्या. कोटाचे नमुने कापायचा खाकी कागद भिंतीला लावून त्यावर पट्टीने तक्ता आखला. आडव्या ओळींत चार सिस्टीम, उभ्या दोन रकान्यांत 'पडदा' आणि 'शटर'. हा फरक त्यांना तिसऱ्या दुपारी उमगला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. खासगीपणा म्हणजे ट्रायलच्या खोलीचा पडदा: आत कोण काय करतंय ते बाहेर दिसू नये. सुरक्षितता म्हणजे दुकानाचं शटर: बाहेरचा माणूस आत घुसू नये. लोक दोन्हींत गल्लत करतात. शटर भक्कम असून पडद्याला भोकं असू शकतात, आणि उलटंही.

पहिल्या ओळीत होती ती फोनबरोबर आलेली सिस्टीम. तिचं शटर बरं, वेळच्या वेळी डागडुजी होते; पण पडद्याआडून कंपनी स्वतःच डोकावते. दुसरीला मास्तरांनी 'जीवदान' नाव दिलं, कारण ती कंपनीने टाकून दिलेल्या जुन्या फोनांनाही पुन्हा उभं करत असे. तिच्यात डोकावणारे सगळे काढून टाकलेले. पण ती बसवायची तर बहुतेक फोनांचं तळातलं कुलूप उघडंच ठेवावं लागतं, असं मोबाइलवाल्याने सांगितलं. म्हणजे पडदा जाड आणि शटर अर्ध्यावर. तिसरी 'सोवळी'. तिची शिवण कोणीही उसवून बघावी, लपवाछपवी नाही; माइक आणि कॅमेरा बंद करायला फोनच्या कडेला चक्क बटणं. पण नेहमीची अर्धी ॲप तिला शिवत नाहीत, फोटो ताकातून काढल्यासारखे येतात, आणि आत एका ॲपची दुसऱ्यापासून आडभिंत म्हणावी तर पातळ.

चौथी 'कडेकोट'. तिथे पडदाही जाड आणि शटरही जाड. प्रत्येक ॲप स्वतंत्र खोलीत कोंडलेलं, पाणी प्यायचं तरी परवानगी मागणारं. सुरू होताना फोन स्वतःला आधी तपासून घेतो, कोणी टाका बदललाय का म्हणून. फक्त एकाच जातीच्या फोनांवर बसते, पण बसली की बसली.

"कडेकोटच," मास्तर म्हणाले.

मोबाइलवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "मास्तर, सिस्टीम चांगलीच आहे. पण तिच्यात सगळ्यात कच्चा टाका म्हणजे वापरणारा माणूस."

आपल्या हातचा टाका तीस वर्षांत उसवलेला नाही, असं मास्तरांनी त्याला ऐकवलं आणि ते कामाला लागले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच महिन्यात मास्तरांना त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. गावातल्या फुंकवाद्यांच्या बँडला स्पर्धेसाठी एकतीस ब्लेझर हवे होते. तुतारी, बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, आणि ज्याच्या तोंडात मांजर झोपू शकेल असं एक अजस्र वाद्य. बँडच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. हातात कायम ताल द्यायची पातळ छडी असल्याने सगळे त्यांना छडीबाई म्हणत, तोंडावर नाही. एकतीस जण तीन आठवड्यांत आपापल्या सवडीने येऊन माप देऊन गेले होते. गर्द निळ्या कापडाचा तागा येऊन पडला होता. वीस तारखेला बँड स्पर्धेला निघणार, म्हणून शुक्रवारी सकाळी कटिंग सुरू करायचं ठरलं होतं. आणि एकतीसच्या एकतीस मापं फोनमध्ये होती.

मास्तरांनी मोबाइलवाल्याकडून कडेकोट चालेल असा वापरलेला फोन घेतला, त्यावर सिस्टीम बसवून घेतली, सगळी मापं त्यात आणवली आणि जुना फोन पुसायला लावला. एकदा पुसून समाधान झालं नाही. तीनदा पुसायला लावला, आणि मोबाइलवाल्याने तो त्यांच्यादेखत परगावच्या एका माणसाला देऊन टाकला.

मग बंदोबस्त सुरू झाला. फोन उघडायला मास्तरांनी वीस अक्षरांचा परवलीचा शब्द ठेवला. प्रत्येक ॲपला माइकची परवानगी नाकारली. तेवढ्याने भागेना, म्हणून सगळ्या फोनचाच माइक बंद करून टाकला. सगळ्या मापांची एक जादा नक्कल एका छोट्या कार्डावर उतरवून ठेवली. ते उघडायला फोनने बारा शब्द दिले, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले: कासव, शिडी, लिंबू, आणि असेच आणखी नऊ. हे कुठेतरी नीट लिहून ठेवा, असं फोनने बजावलं. कागदावर लिहावं तर कागद चोरीला जातो. मास्तरांनी ते शिंप्याच्या खडूने काळ्या अस्तराच्या एका तुकड्यावर लिहिले आणि तुकडा सगळ्यात वरच्या फळीवर, बाकीच्या कापडांच्या घडीत सरकवून ठेवला. खडूचं अक्षर पाहिजे तेव्हा पुसता येतं, हा त्यातला विशेष फायदा असल्याचं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आणि शेवटी एक सोय होती ती त्यांना इतकी आवडली, की त्यांनी मोबाइलवाल्याला ती दोनदा समजावून सांगायला लावली. कोणी गळ्यावर सुरी ठेवून फोन उघड म्हणालं, तर एक वेगळा नंबर ठेवता येतो. तो दाबला की फोन तत्क्षणी आतलं सगळं नष्ट करतो. विचारत नाही, थांबत नाही. मास्तरांनी विचार केला, चोर सगळ्यात आधी कोणता नंबर दाबून बघेल? माणसं काय नंबर ठेवतात? आणि त्यांनी नष्ट करायचा नंबर म्हणून स्वतःच्या लग्नाची तारीख ठेवली.

त्याबद्दल त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. गुप्त गोष्ट दोघांना माहीत असली की ती गुप्त राहत नाही, हे वकीलबाईंनीच त्यांना शिकवलं होतं.

मंगळवारी सकाळपासून छडीबाई फोन करत होत्या. मास्तर उचलत होते, बोलत होते, हो बाई, नाही बाई, शुक्रवारी नक्की बाई. आणि पलीकडे छडीबाईंना श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता, कारण माइक बंद होता. मास्तरांना वाटलं बाई बहिऱ्या झाल्या. छडीबाईंना वाटलं शिंपी तोंड लपवतोय. मुलांचं तोंड लपवणं त्यांनी पस्तीस वर्षं ओळखलं होतं. दुपारी त्या स्वतःच दुकानात आल्या.

मास्तर तेव्हा गुंड्या आणायला बाजारात गेले होते. फोन त्यांनी मुद्दाम ड्रॉवरमध्ये ठेवला होता. बाजारात हवेतून माहिती चोरतात, असं अकरा दुपारींत कधीतरी त्यांच्या कानावर पडलं होतं. छडीबाईंनी मास्तरीणबाईंना सांगितलं की अस्तराचा व्यापारी दारात खोळंबलाय. बेचाळीसच्या वरचे कोट किती, तेवढं आत्ता हवं. फोनमध्ये आहे ना? मग उघडा.

मास्तरीणबाईंनी फोन हातात घेतला. परवलीचा शब्द त्यांना माहीत नव्हता. पण तीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली, तो काय ठेवेल याचा अंदाज बायकोला असतोच. दरवर्षी तारीख विसरतात, त्यांनी मनाशी म्हटलं, म्हणून तरी आठवणीसाठी ठेवली असेल. थोडं बरंही वाटलं त्यांना. त्यांनी तारीख दाबली.

फोन एकदा काळा झाला आणि मग कोऱ्या चेहऱ्याने त्यांना नमस्कार करून कोणती भाषा हवी, असं विचारू लागला.

मास्तर परतले तेव्हा छडीबाई उभ्या होत्या, मास्तरीणबाई बसल्या होत्या आणि फोन दोघींच्या मध्ये मेजावर पडला होता. काय दाबलं, हे मास्तरांनी विचारलं. बायकोने सांगितलं. मास्तरांच्या हातातली गुंड्यांची पुडी सुटली आणि एकशे चोवीस गुंड्या दुकानभर घरंगळल्या. त्या वेचता वेचता, गुडघ्यांवर असतानाच, त्यांना सगळं कबूल करावं लागलं. नंबर काय, तो कशासाठी होता आणि तोच का निवडला.

मास्तरीणबाईंनी पायाशी आलेली एक गुंडी उचलून मेजावर ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आपल्या लग्नाची तारीख दाबली की सगळं नष्ट होतं."

त्यावर मास्तरांनी जे स्पष्टीकरण दिलं, त्यात 'चोर' हा शब्द चार वेळा आला आणि प्रत्येक वेळी प्रकरण आणखी बिघडलं. छडीबाईंनी खिडकीबाहेर बघायचं सौजन्य दाखवलं.

तरी मास्तरांनी धीर सोडला नव्हता. कार्ड होतं! बारा शब्द होते! त्यांनी स्टूल लावलं, वर चढले आणि वरच्या फळीवरच्या घडीतून काळ्या अस्तराचा तुकडा ओढून काढला. आता तीस वर्षं माणूस एकच काम करत आला की हात त्याचं ऐकत नाहीत. कापड फळीवरून काढलं की झटकायचं, धूळ उडवायची, मग पसरायचं. मास्तरांच्या हातांनी तुकडा झटकला. चांगला, दोन वेळा, फटफट. उन्हाच्या तिरिपेत पांढरा धुरळा उडाला आणि तो कसला आहे, हे मास्तरांना कळलं तेव्हा तो खाली बसत होता.

पाच शब्द वाचता आले. तिघांची शेपटं उरली होती. चार पार गेले होते. कासव मात्र जसंच्या तसं होतं.

ते घेऊन मास्तर रस्ता ओलांडून गेले. मोबाइलवाल्याने तुकडा भिंगाखाली धरला, उलटून बघितला आणि परत दिला. काहीतरी मार्ग असेलच, मास्तर म्हणाले. कोणीतरी मोठा जाणकार. मोबाइलवाल्याला वाईट वाटत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मास्तर, कोणालाही उघडता येऊ नये, हेच तर तुम्हाला हवं होतं ना?"

मास्तर परत येऊन शिलाई मशीनसमोर बसले. पाय पायट्यावर ठेवला, पण पायटा हलवला नाही. चारशे माणसं गेली होती. त्यांची मापं गेली, नंबर गेले, न्यायाधीशांचा खांदा गेला. कोणाला कळवायचं तर कळवायचं कुठे? आणि कळवायचं तरी काय, की तुमची कंबर माझ्याकडे सुरक्षित होती म्हणून हरवली? तीस वर्षांत त्यांना आपल्या कामाची कधी लाज वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली. मास्तरीणबाईंनी चहा आणून ठेवला, तोही कपाचा कान पलीकडे करून.

बुधवारी वकीलबाई आल्या. त्यांची त्या शुक्रवारची ट्रायल पुढे ढकलली गेली होती, आणि आता त्यांचंही माप पुन्हा घ्यायचं होतं. मास्तरांनी मान खाली घालून टेप लावली. बाई आज जरा मऊ होत्या. म्हणाल्या, त्या पट्ट्यांचा उलगडा झाला बरं का. आमच्या ह्यांनीच माझ्या फोनवरून स्वतःसाठी पट्टा शोधला होता, त्याच सोमवारी. मला कळू नये म्हणून माझ्या फोनवरून शोधला, त्यांची अक्कल बघा. मास्तर, मी उगाच तुमच्यावर घसरले.

मास्तर 'असू द्या' म्हणाले. टेप त्यांच्या हातात लोंबत राहिली.

आता उरला गुरुवार. शुक्रवारी कटिंग झालं नाही तर वीस तारखेला बँड शर्टावर स्टेजवर जाणार. छडीबाईंनी तोडगा काढला: गुरुवारी दुपारी चारला सगळे तालमीला सभागृहात असतात, तिथे या, तासाभरात मापं उरका. मास्तरांनी एकच अट घातली. माप चारचौघांत घेणार नाही. आडोसा लागेल. एवढी एक गोष्ट तरी त्यांच्याजवळ उरली होती आणि ती त्यांना सोडायची नव्हती. छडीबाई म्हणाल्या, रंगमंचाच्या बाजूला जाड पडदा आहे, त्याच्या आत बसा, एकेकाला पाठवते. आणि त्या कचेरीत बसचं ठरवायला निघून गेल्या.

पडद्याआड अंधुक उजेड होता. वाद्यांच्या रिकाम्या पेट्या, गुंडाळलेल्या तारा, दोन-तीन लोखंडी स्टँड. मास्तरीणबाई एका पेटीवर वही घेऊन बसल्या. त्या आल्या होत्या, पण मास्तरांशी बोलत नव्हत्या; लिहायला बोलावं लागत नाही, म्हणून आल्या होत्या. वेळ वाचावा म्हणून मास्तर आकडा पुटपुटणार आणि त्या टिपणार, असं ठरलं. पडदा ओढून घेतला, फट नाही ना ते बघितलं, आणि मास्तरांना दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पहिला आला तो अजस्र वाद्यवाला. माणूसही वाद्याच्या मापाचा. टेप फिरवायला मास्तरांना त्याच्याभोवती स्वतःच एक फेरी मारावी लागली. "कंबर अठ्ठेचाळीस," ते अगदी हळू म्हणाले. "लिहा, पोट पुढे, गुंडी खाली घ्यावी लागेल. मागून सपाट." बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. तालीम म्हटली की हसणारच. दुसरा आला तो जरा ताठ चालत. तिसरी सॅक्सोफोनवाली, ती आली तशी पुतळ्यासारखी उभी राहिली आणि प्रश्नांना नुसती मान हलवून उत्तरं देत राहिली. "एक खांदा उतरता, आत गादी," मास्तर पुटपुटले. बाहेर हशा. "बाह्या आखूड, हात लहान आहेत." बाहेर टाळ्या. चांगली खेळीमेळीची मंडळी आहेत, असं मास्तरांच्या मनात आलं.

एकामागून एक येत गेले. सगळे गप्प, सगळे ताठ, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक विचित्र चमक. मास्तर जितकं हळू बोलत, तितकं बाहेर शांत होई, आणि आकडा झाला की हसू फुटे. पंचविसावा झाला, तिसावा झाला. तासाच्या आत काम उरकत आलं होतं.

शेवटी कचेरीतून छडीबाई आल्या. पडदा सारून आत शिरल्या आणि मास्तरांकडे न बघता त्यांच्या मागे गेल्या. तिथल्या लोखंडी स्टँडवर एक माइक होता, सकाळच्या चाचणीचा, बारीक लाल दिवा लागलेला. छडीबाईंनी त्याचं बटण बंद केलं, दिवा विझला, आणि मग त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता माझं घ्या."

मास्तरांनी त्या माइककडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग त्यांना सभागृहाच्या दोन्ही कोपऱ्यांतले ते कपाटाएवढे कर्णे आठवले, पडद्याकडे पाठ करून ठेवलेले, आत येताना दिसले होते ते. एकेक माप आठवलं. मागून सपाट. हात लहान आहेत. बासरीवाल्याला तर ते म्हणाले होते की कोटापेक्षा हँगर बरा.

पण कोणी सांगितलं कसं नाही, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं. छडीबाई म्हणाल्या, ते त्यांनाही आत्ता बाहेर विचारलं तेव्हा कळलं. पहिल्याला माहीत नव्हतं. दुसऱ्याला माहीत होतं, पण त्याचं स्वतःचं झाल्यावर त्याला वाटलं, माझं कळलं तर आता सगळ्यांचं कळू दे. आणि तसंच पुढच्या प्रत्येकाला वाटत गेलं.

मास्तरांनी छडीबाईंचं माप घेतलं. आकडा बोलले नाहीत. बायकोच्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिला. मग ते मागच्या दाराने बाहेर व्हरांड्यात गेले आणि एका मोठ्या ढोलाच्या पेटीवर बसले. तीस वर्षं. चार हजार कोट. एकही कंबर बाहेर गेली नव्हती, आणि आज एका तासात तीस गेल्या, त्याही कर्ण्यावरून. दुकान बंद करून मुलीकडे जावं, असं त्यांच्या मनात आलं. तिथे त्यांना कोणी ओळखत नाही. तिथे ते लोकांच्या उशांचे अभ्रे शिवतील. उशीला कंबर नसते.

मास्तरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. पेटी दोघांना जेमतेम पुरली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुसरी तारीख ठेवली असती तर मी दाबलीच नसती." ते रागाने म्हटलं की कसं, हे मास्तरांना कळेना. त्यांनी विचारायचं धाडस केलं नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि क्लॅरिनेटवाली बाहेर आली. आता ही भांडणार, मास्तरांनी ओळखलं आणि ते उभे राहिले. पण ती चाचरत होती. इकडेतिकडे बघून तिने आवाज एकदम खाली आणला.

"मास्तर, माझं चौतीस म्हणालात ना? ते चौतीस नाहीये. अडतीस आहे. मी पोट आत ओढून श्वास धरला होता." मग तिने मान खाली घातली. "सगळे ऐकत होते ना."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. तिच्या मागे सॅक्सोफोनवाली उभी होती. तिच्या मागे तुतारीवाले दोघे, मग बासरीवाला, मग आणखी, दाराच्या आत दूरवर. सगळे भिंतीला चिकटून, दवाखान्यात बसावं तसे, एकमेकांकडे न बघता. ही सगळी फुंकणारी माणसं. छातीत पोतंभर हवा धरून, पोट आत घेऊन दोन दोन मिनिटं उभं राहणं त्यांना अवघड नव्हतं. पण असे कोट घालून स्टेजवर पहिला सूर काढला की एकोणतीस गुंड्या एकदम तुटून पडणार होत्या.

मास्तरीणबाईंनी वही उघडली आणि आजची सगळी पानं अंगठ्याखाली धरून हलक्या हाताने फाडायला घेतली. एकतीस मापांमधली दोनच खरी होती: पहिलं, कारण त्याला माहीत नव्हतं, आणि शेवटचं, कारण त्या बाईंनी आधी बटण बंद केलं होतं. ती दोन पानं त्यांनी तेवढी ठेवली.